आधी पडणे, मग पाडणे, बेल्ट त्यानंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या चौकाचौकांत उन्हाळी शिबिरांचे फ्लेक्स लागतात. आखाजीपर्यंत कराटे, तायक्वांदो, ज्युदो, लाठीकाठी सगळे एकाच फलकावर दाटीने बसलेले असते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते, 'बेल्ट व सर्टिफिकेट मिळेल'. चौकशीला आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न फीचा, दुसरा वेळेचा आणि तिसरा ठरलेला: 'मन्हा पोऱ्याले काया पट्टा कव्हय भेटी?' (माझ्या पोराला काळा पट्टा कधी मिळेल?) पोरासाठी एवढी हौस असणे चांगलेच. पण या प्रश्नाचे खरे उत्तर ज्युदोत डाव कसे शिकतात हे कळल्याशिवाय देता येत नाही, आणि ते फ्लेक्सवर मावतही नाही. म्हणून हे पत्र.

ज्युदोत ठोसा नाही, लाथ नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एइशोजी मंदिरात जुन्या जुजुत्सूमधून हा प्रकार घडवला आणि आपल्या शाळेला कोदोकान हे नाव दिले. प्रतिस्पर्ध्याला जोरात, वेगाने आणि आपल्या ताब्यात ठेवून पाठीवर पाडले की इप्पोन, म्हणजे कुस्ती तिथेच निकाली. नाहीतर त्याला जमिनीवर २० सेकंद दाबून धरायचे, किंवा मोठ्या गटांत हाताच्या सांध्याचा पेच अथवा गळ्याचा फास लावून हार कबूल करायला लावायची. खान्देशातल्या माणसाला हे फार समजवावे लागत नाही. जत्रेतल्या दंगलीत धोबीपछाड बघितलेल्याला सेओई-नागे ओळखीचा वाटतो, कलाजंग बघितलेल्याला काता-गुरुमा. फरक कपड्याचा आहे. मातीत अंगावर लंगोट असतो, इथे जाड सुती जाकीट. बाही आणि कॉलर हातात आली की तोल घालवायचे मार्ग बदलतात, आणि सगळे शिकणे त्या पकडीभोवती फिरते.

पण पकडीच्याही आधी पडणे येते. जपानीत त्याला उकेमी म्हणतात. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या मुलाने पहिले तीन-चार आठवडे कोणाला पाडायचे नसते, स्वतः पडायचे असते. पालकांना हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो. 'अजून नुसतं लोळतोच आहे' अशी तक्रार येते. लोळू द्या.

मागे पडणे बसून सुरू होते, मग उकिडवे बसून, शेवटी उभे राहून. हनुवटी छातीला चिकटलेली, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली, अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर मॅटवर आपटायचे. नुसता पंजा नव्हे, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत अख्खा हात एकदम. श्वास त्याच वेळी बाहेर. हात जमिनीवर आदळतो म्हणून पाठीला बसणारा दणका वाटला जातो. हात खांद्याच्या रेषेत फाकला तर दणका खांद्याच्या सांध्यात शिरतो. अंगाला फारच चिकटला तर कोपर फासळीखाली येते. सगळ्यांत घातक सवय मात्र उपजत असते: तोल गेला की माणूस हात मागे टेकवून स्वतःला सावरू बघतो. मनगट, कोपर आणि गळ्याखालचे हाड मोडते ते इथे. ती सवय सांगून जात नाही, शेकडो वेळा पडूनच जाते.

मान घट्ट आहे की नाही हे बघण्याची सोपी युक्ती आहे. मुलाच्या हनुवटीखाली घडी केलेला रुमाल धरायला लावायचा आणि मागे पडायला सांगायचे. पडताना रुमाल निसटला, तर खऱ्या डावात त्याचे डोके मॅटवर आपटणार हे नक्की. रुमाल दहापैकी दहा वेळा जागेवर राहिला की पुढे जायचे.

कुशीवर पडताना दोन्ही पाय एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, घोट्याचे हाड घोट्यावर आपटते. पुढे कोलांटी घेऊन पडताना उजवा हात, कोपर, उजवा खांदा आणि तिथून तिरपे डाव्या कमरेपर्यंत, अशी एकच गोल रेघ मॅटवर उमटली पाहिजे. टाळू टेकता कामा नये, मणका सरळ रेषेत टेकता कामा नये. शाळेत शिकवलेली कोलांटउडी आणि ही कोलांटी यांत मुले हमखास गफलत करतात.

हे सगळे कशावर करायचे, हाही प्रश्न आहे. ज्युदोची मॅट, म्हणजे तातामी, साधारण एक मीटर बाय दोन मीटरची, चार-पाच सेंटिमीटर जाड आणि दाट भरावाची असते. बाजारात मिळणाऱ्या कोड्यासारख्या जोडायच्या दोन सेंटिमीटरच्या रंगीत मॅट कराटेला चालतात. सिमेंटच्या फरशीवर त्या टाकून माणसाला खांद्यावरून फेकणे म्हणजे फरशीवरच फेकणे. उलट जुन्या काथ्याच्या मऊ गादीत पायाची बोटे रुततात, वरचे अंग वळते, पाय वळत नाही आणि गुडघा पिळला जातो. दोन मॅटमध्ये बोट शिरेल एवढी फटही चालत नाही. नवशिक्यांच्या पायाची बोटे मोडतात ती बहुधा अशा फटीतच.

आता डाव. प्रत्येक डावाचे तीन भाग: कुझुशी म्हणजे तोल घालवणे, त्सुकुरी म्हणजे आपले अंग नेमक्या जागी नेणे आणि काके म्हणजे प्रत्यक्ष फेकणे. बघणाऱ्याला तिसरा भाग दिसतो, डाव होतो पहिल्यात. मार्केट यार्डातला हमाल भरलेले पिंप उचलत नाही. तो ते काठावर कलते करतो आणि मग एका हाताने फिरवत नेतो. कुझुशी ती हीच. उभ्या माणसाचा तोल आठ दिशांना घालवता येतो, आणि प्रत्येक डावाची दिशा ठरलेली असते. पुढे पाडायच्या डावात टाचा हलक्या झाल्या पाहिजेत, मागे पाडायच्या डावात सगळे वजन टाचेवर आले पाहिजे. ते झाले नसेल तर पुढची सगळी खटपट नुसत्या ताकदीची, आणि आपल्यापेक्षा दहा किलोने जड माणूस समोर आला की ती संपते.

पहिला मोठा डाव म्हणून ओ-गोशी, म्हणजे कमरेवरून फेकणे, शिकवणे सोयीचे. पाडणाऱ्याला तोरी म्हणतात, पडणाऱ्याला उके. तोरी उजव्या हाताचा आहे असे धरू. त्याने डाव्या हाताने उकेची उजवी बाही कोपराजवळ बाहेरून धरायची आणि उजव्या हाताने उकेची डावी कॉलर, गळ्याखालच्या हाडाच्या उंचीवर. उजवे पाऊल उकेच्या उजव्या पावलासमोर, किंचित आतल्या बाजूला. त्याच वेळी डाव्या हाताने बाही पुढे आणि वर ओढायची, मनगटावरचे घड्याळ बघतो तशी, करंगळी वर ठेवून. उकेच्या टाचा उचलल्या गेल्या नाहीत तर इथेच थांबून पुन्हा सुरुवात करायची. टाचा उचलल्या की उजवा हात कॉलर सोडून उकेच्या डाव्या काखेखालून त्याच्या कमरेमागे जातो, तोरी उजव्या चवड्यावर गर्रकन फिरतो आणि डावा पाय मागून आत आणतो. आता दोघांची तोंडे एकाच दिशेला असतात. तोरीची दोन्ही पावले उकेच्या पावलांच्या आत, खांद्याच्या रुंदीपेक्षा जरा कमी अंतरावर. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, आणि तोरीचा बेल्ट उकेच्या बेल्टच्या खाली चार बोटे. पाठ आणि पोट यांत हवा जायला जागा नको. मग गुडघे सरळ करायचे, मान डावीकडे वळवायची आणि बाही स्वतःच्या डाव्या खिशाकडे ओढायची. ज्युदोच्या पँटला खिसा नसतो, पण असता तर जिथे असता तिकडे.

यात बिघडते काय? पहिले म्हणजे गुडघ्यांऐवजी कंबर वाकते. मूल पुढे ओणवे होते, उके त्याच्या पाठीवर नुसता लटकतो, सगळा भार मणक्याच्या खालच्या भागावर येतो आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरते. दुसरे, कमरेची उंची. तोरी वर राहिला की उके त्याच्यावरून जायच्या ऐवजी त्याला मागून मिठी मारून मागे ओढतो. हे उंच मुलांच्या बाबतीत जास्त होते. बुटक्या मुलाला हा डाव लवकर येतो हे पाहून उंच मुलाचे आईबाप हिरमुसतात, त्याला इलाज नाही. तिसरी चूक वळण अर्धवट सोडण्याची. डावा पाय आत आलाच नाही, तोरी आडवा उभा राहिला, तर उकेला बाजूने सरळ निसटता येते.

चौथी चूक वेगळी सांगायला हवी, कारण ती तोरीची असते आणि इजा उकेला होते: शेवटी बाही सोडून देणे. डाव साधल्याच्या आनंदात हात सुटतो, उके हवेतच राहतो आणि खांद्यावर किंवा टेकलेल्या हातावर येतो. बाही शेवटपर्यंत वर ओढून धरली की उके कुशीवर, पाठीवर, डोके न टेकता उतरतो. चांगला तोरी ओळखायचा असेल तर पडणाऱ्याकडे नको, पाडणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघा.

ओ-सोतो-गारी हा दुसरा आवडता डाव. पायात पाय घालून मागे पाडणे पोरांना शाळेच्या मैदानावरच येत असते, म्हणून तो सोपा वाटतो. प्रशिक्षकाने सर्वांत जास्त जपून शिकवायचा डाव हाच. तोरीचे डावे पाऊल उकेच्या उजव्या पावलाच्या बाहेर, त्याच्याच रेषेत किंवा दोन बोटे पुढे पडले पाहिजे. डावा हात बाही खाली, स्वतःच्या कमरेकडे ओढतो. उजवा हात कॉलरसकट उकेचा खांदा मागे कलता करतो. छातीला छाती लागते आणि उकेचे सगळे वजन त्याच्या उजव्या टाचेवर जाते. मग तोरीचा उजवा पाय, बोटे ताणलेली, उकेच्या पायामागे जाऊन मांडीच्या मागच्या बाजूने मांडी कापतो. पाय मागे-वर जातो तसे तोरीचे डोके पुढे-खाली जाते, वाकून नमस्कार केल्यासारखे. डावे पाऊल मागे राहिले तर तोरी स्वतःच मागे कलतो, आणि उकेने तोच डाव उलटवला की तोरीच आडवा होतो. पोटरीने गुडघ्याला बाजूने फटका मारला तर उकेच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटू शकतात. आणि उके सरळ मागे पडत असल्यामुळे मान सैल असेल तर डोक्याची मागची बाजू थेट मॅटवर. जपानमधल्या शाळांत ज्युदोत डोक्याला गंभीर इजा झाल्या, त्यांत नवशिकी मुले आणि ओ-सोतो-गारी ही जोडी वारंवार दिसली. म्हणून रुमालाची परीक्षा पास न झालेल्या मुलावर हा डाव कोणालाही टाकू देऊ नये. आधी उकेला एका गुडघ्यावर बसवून, मग उभ्याने सावकाश, मग जाड गादीवर, हा क्रम गाळायचा नाही. डोके आपटलेच तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही. डोके दुखणे, उलटी, गुंगी, भलतेच बोलणे यांपैकी काही दिसले तर लिंबूपाणी पाजत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

दे-आशी-बाराई समजवायला जळगाव जिल्ह्यासारखी जागा नाही. केळीच्या सालीवर पाय पडला की माणूस का पडतो? पाऊल टेकत असते, वजन त्यावर येऊ लागलेले असते पण पुरते आलेले नसते, आणि नेमके तेव्हा पाऊल सरकते. समोरच्याचे पुढे येणारे पाऊल त्याच क्षणी तळव्याने घोट्याखाली ढकलायचे, करंगळीची कड मॅटला घासत. घटकाभर आधी केले तर पाय हवेत असतो, तो नुसता उचलला जातो. घटकाभर नंतर केले तर खांबाला लाथ मारल्यासारखे होते आणि नडगीवर काळेनिळे उठते. इथे ताकद लागत नाही म्हणूनच हा डाव यायला वर्षे लागतात.

सेओई-नागेबद्दल एकच. लहान मुले दोन्ही गुडघे एकदम जमिनीवर टाकून खांद्यावरून फेकायला शिकतात, कारण त्याने स्पर्धेत पटकन गुण मिळतात. त्यात तोरीचे गुडघे मॅटवर आपटतात आणि उके डोक्यावर येण्याची भीती असते. जपानमध्ये लहान मुलांच्या स्पर्धांत याला मनाई आहे. आपल्याकडे निदान चौदा वर्षांखाली तो उभ्यानेच शिकवावा असे आमचे स्पष्ट मत आहे, पदक गेले तर गेले.

सराव तीन प्रकारचा. उची-कोमी म्हणजे फेकण्याच्या क्षणापर्यंत जाऊन परत येणे, दहा-दहाच्या फेऱ्यांत. नागे-कोमी म्हणजे दरवेळी पुरते फेकणे. आणि रांदोरी म्हणजे मोकळी झुंज. उची-कोमी मोजत मोजत करताना दहाव्या खेपेला पहिल्यासारखी टाच उचलली जात नसेल तर आकडा वाढवण्यात अर्थ नाही. शंभर सदोष उची-कोमींनी दोषच पक्का होतो. प्रत्येक डाव डाव्या बाजूनेही करावा. स्पर्धेत वापरला नाही तरी अंगाची एकच बाजू घडत नाही.

हे झाले तीन-चार डाव. कोदोकानने १८९५ मध्ये शिकवण्याच्या क्रमाने डावांचे पाच गट बांधले, १९२० मध्ये ते सुधारले. गोक्यो नावाच्या या मांडणीत आठ-आठचे पाच गट, म्हणजे चाळीस डाव आहेत. आज कोदोकान एकूण ६८ फेकीचे डाव मानते. पहिल्या गटात दे-आशी-बाराई, हिझा-गुरुमा, सासाए-त्सुरिकोमी-आशी, उकी-गोशी, ओ-सोतो-गारी, ओ-गोशी, ओ-उची-गारी आणि सेओई-नागे. एवढे आठ नीट आले तरी बराच काळ दुसरे काही लागत नाही.

आणि आता बेल्ट. कानोंनी डॅन, म्हणजे वरच्या पातळीची श्रेणी, पहिल्यांदा १८८३ मध्ये दोन शिष्यांना दिली. तेव्हा काळा पट्टा हा प्रकारच नव्हता, तो काही वर्षांनी आला. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा ही रंगपंचमी जपानची नव्हे, युरोपातली. पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशींच्या पद्धतीतून १९३० च्या दशकात ती रुळली आणि जगभर पसरली. नव्या माणसाला कित्येक वर्षांनंतरच्या काळ्या पट्ट्याची आस लावण्यापेक्षा मधले टप्पे दाखवले तर तो टिकतो, हा त्यामागचा सरळ व्यवहार. व्यवहार चांगला आहे, त्याचा धंदा झाला की बिघडते.

सर्वसाधारण उतरंड अशी: पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, मग काळा. काळ्याच्या आधीच्या श्रेणींना क्यू म्हणतात आणि त्या उलट्या मोजतात. सहाव्या क्यूपासून पहिल्याकडे यायचे. पुढे डॅन सुलटे मोजतात. पहिल्या ते पाचव्या डॅनला काळा, सहाव्या ते आठव्याला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, नवव्या-दहाव्याला लाल. पहिल्या डॅनला जपानी भाषेत शोदान म्हणतात, त्यातल्या 'शो'चा अर्थ सुरुवात. काळा बेल्ट म्हणजे मुळाक्षरे संपली, वाचन सुरू. कोदोकानने आपल्या सगळ्या इतिहासात दहावी डॅन अवघ्या पंधरा जणांना दिली आहे. पहिल्या डॅनसाठी तिथे किमान वय १४ आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या कमरेला काळा पट्टा बांधून फोटो छापून येतो तेव्हा हे आठवावे.

पिवळ्या बेल्टच्या परीक्षेत काय बघतात? चारही दिशांची उकेमी, पकड, चालणे, दोन-तीन डाव नावानिशी, एक-दोन दाब. पुढच्या प्रत्येक रंगाला डाव वाढतात, डावी बाजू येते, एका डावातून दुसऱ्यात जाणे येते, समोरच्याचा डाव उलटवणे येते. पहिल्या डॅनला नागे-नो-काता, म्हणजे फेकीचे डाव ठरलेल्या क्रमाने करून दाखवणे, मागतात. त्यात पंधरा डाव, तीन-तीनच्या पाच संचांत, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून. बहुतेक ठिकाणी पहिल्या डॅनसाठी पहिले तीन संच, म्हणजे हाताचे, कमरेचे आणि पायाचे डाव. शिवाय प्रत्यक्ष झुंजीतली कामगिरी. अभ्यासक्रम संस्थेगणिक थोडा वेगळा असतो, पण आठवड्यातून तीन दिवस नेमाने येणाऱ्या मुलाला सुरुवातीचे दोन बेल्ट चार-सहा महिन्यांच्या अंतराने, पुढचे त्याहून सावकाश, आणि काळा लवकरात लवकर चार-पाच वर्षांनी, असा हिशेब धरावा. त्याहून झटपट कोणी देत असेल तर कोणत्या संघटनेची नोंद आहे ते लेखी मागावे. क्यू श्रेणी क्लब देऊ शकतो. डॅन श्रेणी राष्ट्रीय संघटनेच्या नोंदीशिवाय बाहेर कोणी विचारत नाही. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठीही स्पर्धेतली कामगिरी बघतात, बेल्टचा रंग नव्हे. हा गैरसमज घरोघरी आहे.

तालमीतून ज्युदोकडे येणाऱ्या मुलांसाठी थोडे वेगळे. त्यांची मान, कंबर आणि दम तयार असतो, पडायची भीती गेलेली असते. सहा महिन्यांत ती इतरांच्या पुढे जातात. मात्र हात आपोआप पायाकडे जातो. ज्युदोत २०१० पासून पायाला हात घालण्यावर बंधने आली आणि २०१३ मध्ये उभ्या झुंजीत पूर्ण बंदी झाली. एकेरी पट, दुहेरी पट, कलाजंगात मांडीला हात, सगळे बाद. डाव मारताना डोके मॅटमध्ये खुपसले तर थेट बाहेर काढतात. आणखी एक म्हणजे मातीत पोटावर घट्ट पडून राहिले की चितपट टळते. ज्युदोत उभ्या डावात पोटावर पडले तर गुण जात नाही खरा, पण लगेच पाठीवर बसून गळ्याचा फास येतो. २०२५ पासून युको हा लहान गुण परत आला आहे, त्यामुळे कुशीवर पडणेही आता फुकट जात नाही.

कपड्याचेही दोन शब्द. कराटेचा पातळ ड्रेस ज्युदोला घेऊ नका, पहिल्याच आठवड्यात कॉलर आणि काखेत फाटतो. ज्युदोगीचे, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाचे, कापड जाड, दाणेदार विणीचे असते, कॉलर शिवून कडक केलेली. सुती असल्याने दोन-तीन धुण्यांत आटते, म्हणून बाही मनगटाच्या जरा पुढे येईल असाच घ्यावा. बेल्ट चार ते पाच सेंटिमीटर रुंद, मधला भाग बेंबीवर धरून कमरेला दोन वेढे, गाठ चौकोनी, आणि गाठीपासून दोन्ही टोके २० ते ३० सेंटिमीटर लोंबलेली. बेल्ट धुतला तर विद्या जाते असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्या आणि धुवा. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये घाम निथळतो आणि न धुतलेल्या कपड्यातून, न पुसलेल्या मॅटवरून नायटा अख्ख्या बॅचला होतो. मॅट रोज जंतुनाशकाने पुसणे, नखे कापणे, वर्गाबाहेर चप्पल घालूनच फिरणे आणि सराव सकाळी आठच्या आत आटोपणे, एवढे पाळले तरी खूप.

शिबिरे घेणाऱ्यांना आमची विनंती आहे की फ्लेक्सवर बेल्टच्या जागी तीन गोष्टी छापाव्यात: प्रशिक्षकाची डॅन श्रेणी व ती कोणाकडे नोंदलेली आहे, मॅटची जाडी, आणि एका प्रशिक्षकामागे मुले किती. तालुका क्रीडा संकुलांत मॅट गुंडाळून खोलीत कुलूपबंद असतील तर निदान एप्रिल-मेमध्ये सकाळी त्या अंथरू द्याव्यात. आणि पंधरा दिवसांच्या शिबिराअखेर मुलाच्या हातात काही द्यायचेच असेल, तर 'उकेमी चारही दिशांना येते' एवढे लिहून सही केलेला कागद द्यावा.

आपले नम्र,
ज्युदो प्रशिक्षक व पंच
जळगाव, धुळे, नंदुरबार